आधी भिजलेला शर्ट उतरवा: फवारणीतल्या विषबाधेबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे: तुमच्या यजमानांनी काल दुपारी फवारणी केली. पाठीवरच्या पंपाचं झाकण नीट बसलं नव्हतं, त्यामुळे पाठ आणि कंबर भिजत राहिली, आणि तसंच त्यांनी चार तास काम केलं. संध्याकाळी डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे अंधुक झालं, दोनदा उलटी झाली. सासूबाईंनी दूध पाजलं. रात्री आंघोळ करून ते झोपले. आज बरं वाटतंय, फक्त अंग गळून गेलंय, आणि उरलेलं रान आजच उरकून टाकू म्हणताहेत. बाटलीवर प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रीन अशी दोन नावं आहेत. दवाखान्यात न्यायला हवं का, आणि पुन्हा असं झालं तर काय पाजायचं, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, आजच न्या. आणि आज फवारणी अजिबात नको.

मी मेडिसिनचा डॉक्टर आहे. अतिदक्षता विभागात फवारणीचं औषध चढलेले रुग्ण वीस वर्षांहून जास्त काळ बघतोय. दर हंगामात हाच प्रश्न येतो: काय पाजायचं? दूध, तूप, लिंबूपाणी, मिठाचं पाणी? पण तुमच्या यजमानांनी काही प्यायलेलं नाही. विष त्यांच्या पोटात गेलेलंच नाही, ते पाठीवाटे आत गेलं. जोवर ओला शर्ट अंगावर होता तोवर, म्हणजे चार तास आणि त्यापुढे आंघोळ होईपर्यंत, ते आत जातच होतं. त्यामुळे 'काय पाजायचं' याआधी 'अंगावरून काय काढायचं' हे विचारायला हवं. काल पंप उतरवून, कपडे काढून, साबण लावून पंधरा मिनिटं अंग धुतलं असतं, तर संध्याकाळच्या उलट्या बहुधा टळल्या असत्या. हे दोष द्यायला लिहीत नाही. बहुतेक घरांत असंच होतं, कारण विष म्हटलं की आपल्याला फक्त तोंड आठवतं.

कातडीवर एवढा भर का देतोय ते सांगतो. पॅराथिऑन हे प्रोफेनोफॉसच्याच कुळातलं जुनं, जहाल औषध. ते शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून किती आत जातं याचं मोजमाप अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ हॉवर्ड मायबाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलं. हाताच्या पुढच्या भागावर लावलेल्यातलं सुमारे ९ टक्के आत गेलं, तळहातावरचं १२, पोटावरचं १८, डोक्याच्या कातडीतून ३२, कपाळातून ३६, काखेतून ६४ आणि वृषणांवरच्या नाजूक कातडीतून जवळजवळ सगळं. आता पंपाची गळती कुठून कुठे जाते ते बघा. पाठीवरून कंबरेला, कंबरेवरून खाली. पँट आणि आतले कपडे ते पाणी धरून ठेवतात, घाम आणि ऊन त्यात भर घालतात. हातमोजे घातले होते म्हणून आपण सुरक्षित आहोत असं समजणाऱ्या माणसाची पाठच उघडी राहिलेली असते.

आता आजच का न्यायचं ते. रात्रीत लक्षणं उतरली आहेत, म्हणजे बाधा बहुधा सौम्य होती आणि ते पूर्ण बरे होतील. पण 'बहुधा' या शब्दावर मी कुणाला घरी बसवत नाही.

प्रोफेनोफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं औषध. क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट, ॲसिफेट ही त्याचीच भावंडं. आपल्या नसा स्नायूंना आणि ग्रंथींना निरोप पाठवतात तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून. निरोप पोचला की तो लगेच पुसायला कोलीनएस्टरेज नावाचं एन्झाइम असतं. ही औषधं त्या एन्झाइमलाच जखडून टाकतात. निरोप पुसला जात नाही आणि ग्रंथी, आतडी, स्नायू एकसारखे पेटलेले राहतात. म्हणून लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येतं, घामाच्या धारा लागतात, उलट्या-जुलाब होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, मांड्यांचे आणि पापण्यांचे स्नायू कातडीखाली फडफडतात. जीव जातो तो बहुतेक वेळा श्वासामुळे: फुप्फुसांत पाणी भरतं आणि श्वास ओढणारे स्नायूच थकून जातात.

आता दोन धोके लक्षात घ्या. पहिला, दुसऱ्या लाटेचा. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ साली एक गोष्ट नीट मांडली, आणि ती मी स्वतःच्या वॉर्डात पुढे अनेकदा पाहिली. सुरुवातीची लाळ, उलटी, घाम सगळं ओसरतं, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि विष अंगात गेल्यापासून एक ते चार दिवसांच्या दरम्यान मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू लागतात. जास्त करून हे जबर विषबाधेत होतं, पाठ भिजलेल्या प्रत्येकाला होत नाही. पण सुरुवात इतकी हळू असते की 'अशक्तपणा आहे, झोपू दे' म्हणून सोडून दिलं जातं. तुम्ही 'अंग गळून गेलंय' असं लिहिलंत, तिथेच मी थांबलो. आत्ता एक करून बघा. त्यांना उताणं झोपवा आणि उशीवरून डोकं उचलून धरायला सांगा. मान उचलत नसेल, उचलून लगेच पडत असेल, आवाज घोगरा किंवा बारीक झाला असेल, पापण्या जड झाल्या असतील, गिळताना ठसका लागत असेल किंवा श्वास उथळ वाटत असेल, तर दुपारची वाट बघू नका, याच क्षणी निघा आणि व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयातच जा.

दुसरा धोका उरलेल्या रानाचा. जखडलेलं एन्झाइम एका रात्रीत परत येत नाही. तांबड्या पेशींमधलं कोलीनएस्टरेज उपचार न घेता साधारण दिवसाला एक टक्का या गतीनं भरून येतं, कारण जुन्या पेशी जाऊन नव्या याव्या लागतात. म्हणजे आज बरं वाटत असलं तरी त्यांची शिल्लक कालच्यापेक्षा कमी आहे. काल चार तासांत जे झालं ते आज अर्ध्या तासात होऊ शकतं. कॅलिफोर्नियात असं काम नियमित करणाऱ्यांची हंगामाआधीच रक्तचाचणी करून ठेवतात. तांबड्या पेशींतली पातळी मूळच्या ७० टक्क्यांवर किंवा खाली आली की माणसाला फवारणीवरून उठवतात आणि ८० टक्क्यांवर पोचल्याशिवाय परत घेत नाहीत. तुमच्या यजमानांची मूळ पातळी आपल्याकडे नाही, म्हणून किती दिवस थांबायचं हे आज तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवलेलं बरं. मी स्वतः काही आठवडे तरी या गटाच्या औषधापासून लांब राहायला सांगितलं असतं. उरलेलं रान दुसरं कुणी करेल किंवा राहील.

दवाखान्यात जाताना बाटली न्या. ती वेगळ्या पिशवीत गुंडाळून न्या, किंवा लेबलचा स्पष्ट फोटो काढा. व्यापारी नावापेक्षा खाली बारीक अक्षरात लिहिलेलं घटकाचं नाव आणि टक्के जास्त महत्त्वाचे, कारण उतारा त्यावर ठरतो. किती वाजता भिजले, किती वेळ ओले होते, त्याच पंपात आणखी काय मिसळलं होतं, हे चिठ्ठीवर लिहा. दोन-तीन औषधं एकत्र केली असतील तर लाजू नका, स्पष्ट सांगा. रिपोर्ट यायला वेळ लागतो आणि आम्ही त्यासाठी थांबत नाही. बाहुल्या, छातीतला आवाज, नाडी, मानेतली ताकद बघूनच ठरवतो. गरज असेल तर ॲट्रोपीन हे उताऱ्याचं इंजेक्शन देतात, छाती कोरडी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस वाढवत. हे इंजेक्शन घरी ठेवायची गोष्ट नाही. जास्त झालं तर तेही माणसाला भ्रमात नेतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पुढच्या वेळेचा.

भिजल्याचं कळताच पंप खाली आणि कपडे बाहेर. बांधावर, जिथे असाल तिथे. शर्ट डोक्यावरून ओढून काढू नका, तोंडाला आणि डोळ्यांना लागतो. बटणं सोडा, नाहीतर सरळ फाडा. पट्टा, घड्याळ, करदोडा, चप्पल हेही काढा. मग भरपूर वाहतं पाणी आणि साधा साबण. खसाखसा घासू नका, घासलेली कातडी जास्त शोषते. केस, कानांच्या मागे, काखा, बेंबी, जांघा, नखांच्या कडा धुवा, कारण हेच भाग हमखास राहतात. माझ्या एका रुग्णाला ॲट्रोपीनने छान उतार पडला होता. दोन तासांनी पुन्हा लाळ, पुन्हा घाम. आम्ही डोस वाढवत राहिलो. शेवटी आमच्या सिस्टरने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, सर, केसांना अजून वास येतोय. अंग पुसलं होतं, डोकं कुणी धुतलंच नव्हतं. त्या दिवसापासून आमच्याकडे विषबाधेचा रुग्ण आला की आधी डोकं धुतलं जातं.

धुणाऱ्यानं स्वतःच्या हाताला मोजे घालावेत. नायट्राइलचे असले तर उत्तम, नसतील तर जाड रबराचे, तेही नसतील तर हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या. रुग्णाला वाचवणाऱ्याच्याच हाताला औषध लागून तो आजारी पडलेला मी पाहिला आहे.

डोळ्यात गेलं असेल तर पापण्या उघड्या धरून संथ धारेखाली पंधरा ते वीस मिनिटं डोळा धुवा. घड्याळ लावूनच धुवा, कारण जळजळ होत असताना दोन मिनिटंही वीससारखी वाटतात. त्यात काहीही थेंब घालू नका.

तोंडावाटे गेलं असेल, चुकून किंवा जाणून, तर उलटी करवू नका. हे मी प्रत्येक नातेवाइकाला सांगतो आणि तरीही घशात बोटं घातलेला रुग्ण येतोच. लेबलवर 'ईसी' लिहिलेल्या औषधात फुप्फुसांना घातक असा द्रावक असतो, रॉकेलच्या जातीचा. उलटी होताना तो फुप्फुसांत उतरतो आणि तिथे जळल्यासारखा न्यूमोनिया होतो. मिठाचं पाणी तर स्वतःच विष ठरतं, रक्तातलं सोडियम एवढं वाढतं की त्यानेच झटके येतात. दुधाने विष मरत नाही, आणि ग्लानीत असलेल्या माणसाला पाजलेलं दूध श्वासनलिकेत जातं. शुद्धीवर असेल तर चूळ भरून थुंकू द्या. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर वळवा, तोंड थोडं खाली, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर येईल. श्वास थांबला तर छाती दाबायला सुरुवात करा. तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका, ओठांवरचं विष तुमच्या पोटात जाईल.

हे सगळं कशाची बाधा आहे त्यावर थोडंफार बदलतं, आणि ते मान्य करायला हवं. मेथोमिल किंवा कार्बोफ्युरान अशा कार्बामेट गटात लक्षणं तशीच दिसतात, पण एन्झाइमची गाठ आपोआप सुटते आणि बहुतेक माणसं एका दिवसात सावरतात. तुमच्या बाटलीतलं सायपरमेथ्रीन चेहऱ्यावर लागलं तर मुंग्या आणि आग होते, ती साधारण एका दिवसात जाते. पॅराक्वाट हे तणनाशक सगळ्यांत वेगळं. त्याच्या तीव्र द्रावणाचा एक घोटही माणसाचा जीव घेऊ शकतो, त्याला उतारा नाही. पहिल्या दिवशी फक्त तोंड-घसा जळल्याची तक्रार असते आणि फुप्फुसं पुढच्या दिवसांत निकामी होत जातात. तिथे 'त्रास नाही म्हणून घरी थांबू' हे वाक्य मला सगळ्यात जास्त घाबरवतं. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ओलाव्याने फॉस्फीन वायू सोडतात. ज्या खोलीत त्या आहेत तिथे कुणी झोपता कामा नये, आणि भुकटी अंगावर सांडली तर आधी कोरडीच झटकायची, मग धुवायचं.

लेबलवरच्या रंगाबद्दलही बोलतो, कारण त्यावर फार भरवसा ठेवला जातो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, हा क्रम ढोबळमानाने बरोबर आहे. पण तो रंग प्राणघातक मात्रेवरून ठरतो. उतारा आहे की नाही, ते रंग सांगत नाही. पॅराक्वाट जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत 'मध्यम घातक' गटात आहे. मधला रंग बघून तुम्ही निर्धास्त व्हाल आणि चुकाल.

हाताळणीत सर्वांत धोक्याची वेळ फवारणीची नसते, पंप भरायची असते. लिटरला दोन मिली असं प्रमाण असेल तर बाटलीतल्या एका मिलीत अर्धा लिटर फवाऱ्याएवढं विष असतं. टोपण उघडताना उडालेले चार थेंब म्हणजे अंगावर अर्धा ग्लास फवारा ओतून घेण्यासारखं. म्हणून पैसे कमी असतील तर आधी हातमोजे आणि चष्मा घ्या, आणि दोन्ही औषध मोजताना घाला. हातानं ढवळू नका, काठी घ्या आणि ती काठी त्याच कामाला ठेवा. चेहरा बाटलीच्या वर नको, वारा पाठीमागून यायला हवा. पंप पाठीवर घेण्याआधी साध्या पाण्याने भरून, उलटसुलट करून गळती बघा. झाकणाचा वॉशर आणि नळीचा जोड, दोनच जागा असतात. काल हे पाच मिनिटांचं काम झालं असतं तर तुम्हाला हा प्रश्न लिहावा लागला नसता. शर्टवरून प्लास्टिकचा कागद पाठीला बांधला तरी पुष्कळ फरक पडतो.

नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका, जुना दात घासायचा ब्रश खिशात ठेवा. तोंडाला बांधलेला रुमाल कोरडा असेपर्यंत थोडेफार तुषार अडवतो, वाफ अडवत नाही, आणि ओला झाला की विषाची पट्टी नाका-तोंडाशी धरून बसतो. पँटचे पाय बुटांच्या बाहेर ठेवा. पीक खांद्यापेक्षा उंच असेल तर हातमोज्याची कड बाहीच्या वर दुमडून घ्या, म्हणजे ओघळ आत जाणार नाही. फवारलेल्या ओळींत चालू नका, फवारत मागे सरका. भर उन्हात नको: घाम कातडी उघडी करतो, आणि शिवाय ऊन लागलं की विष चढलं हे ओळखता येत नाही. डोकेदुखी, मळमळ, घाम दोन्हींत असतो. मात्र ऊन लागलेल्याचं तोंड सुकतं, विष चढलेल्याला लाळ सुटते आणि बाहुल्या बारीक होतात. शंका असेल तर विषच समजून वागा, धुतल्याने कुणाचं नुकसान होत नाही.

रिकाम्या बाटल्या तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता आणि मग बाटलीला भोकं पाडा. २०१३ साली बिहारमधल्या सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत दुपारच्या जेवणातून २३ मुलं दगावली, त्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं होतं. औषधाचा डबा आणि खायच्या वस्तूचा डबा कधीच एकमेकांच्या जागी येऊ नयेत, म्हणून भोकं.

एक विचारायचं राहिलं. कालचा तो शर्ट आणि पँट आत्ता कुठे आहेत? इतर कपड्यांच्या ढिगात असतील तर मोजे घालून बाहेर काढा आणि वेगळ्या पिशवीत बांधा. आधी बाहेरच भरपूर पाण्यात खळबळा, मग गरम पाणी आणि साबणाच्या पावडरीत दोनदा धुवा. मुलांचे कपडे त्यात नकोत. वाळल्यावर वास राहिला तर टाकून द्या. पट्टा कातड्याचा असेल तर तो धुऊन निघत नाही, तो टाकाच. पण हे सगळं परत आल्यावर. आधी दवाखान्यात जा.